कुत्र्याच्या शीचं खत महिन्याभरात तयार होत नाही

पुण्यातल्या बागप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कुत्र्याची शी शेणासारखीच असते. कुंडीत पुरा, वर कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) आणि गांडुळं सोडा, महिन्याभरात भाजीसाठी खत तयार. कल्चर आणि गांडुळं सगळे जंतू मारतात, भाजी धुतली की झालं.’ घरचा कचरा घरातच जिरवायचा, हा हेतू मला मनापासून पटतो. मजकूर मात्र धोकादायक आहे.

‘शेणासारखीच.’ नाही. गाय चारा खाते, कुत्रा मांस-अंडी. मुख्य म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातले काही जंत माणसालाही बाधतात. शिवाय शेणसुद्धा चांगलं कुजवल्याशिवाय कोणी वाफ्यात घालत नाही.

‘महिन्याभरात तयार.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. कुत्र्यांमध्ये, विशेषतः पिल्लांमध्ये, टॉक्सोकॅरा नावाचा गोलकृमी सर्रास आढळतो. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते. ताज्या शीतल्या अंड्यांनी लागण होत नाही. उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे गेले की अंड्यात अळी तयार होते आणि तेव्हापासून ते अंडं पोटात जाणं धोक्याचं. म्हणजे मेसेज कुंडी उकरायला सांगतो, नेमकी तेव्हाच ती माती बाधक झालेली असते! पुढे जाड कवचामुळे ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या शरीरात या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही पोचतात. डोळ्यात गेल्या तर नजर कायमची अधू होऊ शकते. (मांजराची शी तर कुठल्याच खतात नको. तिच्यातला टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी गर्भातल्या बाळाला इजा करू शकतो.)

‘कल्चर आणि गांडुळं सगळे जंतू मारतात.’ या अंड्यांचा भरवशाने नाश करते ती उष्णता. अलास्कातल्या फेअरबँक्सला १९९१ मध्ये स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शीवर प्रयोग सुरू झाले. दोन भाग शी, एक भाग लाकडाचा भुसा, ढीग वरखाली करत राहायचा आणि आतलं तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर न्यायचं. इतकं करूनही अमेरिकी कृषी खात्याच्या पुस्तिकेत हे खत खाण्याच्या पिकांना घालू नका असंच सांगितलंय. एवढी धग धरायला साधारण घनमीटरभर ढीग लागतो. कोथरूडच्या बाल्कनीतल्या बादलीत ती येणार कुठून? आणि पस्तीसेक अंशांपुढे गांडुळंच तग धरत नाहीत. जिथे गांडुळं सुखात आहेत, तिथे अंडीही सुखरूप आहेत.

‘भाजी धुतली की झालं.’ ही अंडी चिकट असतात, देठांच्या बेचक्यात अडकून राहतात. कोथिंबीर आणि मुळा तर आपण कच्चाच खातो.

मग करायचं काय? फ्लॅटमध्ये असाल तर शी पिशवीशिवाय संडासात टाकून फ्लश करा. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात ती मुळीच नको: तो कचरा कोणीतरी हाताने हाताळतं आणि ते खत शेजाऱ्यांच्या कढीपत्त्यालाही जातं. बंगल्याला जागा असेल तर झाकणाचा वेगळा डबा ठेवा, टिंबर मार्केटमधून भुसा आणा आणि वर्षाहून जास्त काळ कुजू द्या. त्यानंतरही ते खत फक्त चाफा, बोगनवेल अशा झाडांना, मुलं खेळत नाहीत तिथे, हातमोजे घालूनच घाला. कुत्र्याला पशुवैद्य सांगतील तेव्हा जंताचं औषध द्या आणि औषधानंतरच्या काही दिवसांची शी त्या डब्यातही टाकू नका.