बोंडअळी वाक्यानं मरत नाही, मान्य

भाऊ,

'सकाळी उठून म्हणायची दहा वाक्यं' या माझ्या लेखाची तुम्ही पार सालटी काढली. तुमचं लिहिणं असं: "ताई, आरशापुढं 'मी समृद्ध आहे' म्हटल्यानं बोंडअळी मरते काय? हे रिकाम्या शहरी लोकाईचे चोचले हायेत. आमचा बाप दोन महिने झाले धड बोलत नाई, त्याले काय वाक्यं शिकवू? आपल्याकडच्या माणसाचं काईच होत नसते."

उत्तराला उशीर झाला. एक तर कापसाची वेचणी सुरू आहे, आणि दुसरं म्हणजे पहिल्या दिवशी मला रागच आला होता.

मग लेख पुन्हा वाचला. तिसरं वाक्य, 'पैसा माझ्याकडे ओढला जातो', ते मी व्हॉट्सअ‍ॅपवरून जसंच्या तसं उचललं होतं. तिथं तुम्ही शंभर टक्के बरोबर. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे, तो कितीही वेळा घोकला म्हणून दारात आलेला व्यापारी देतो थोडाच? ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की हमीभावाच्या खरेदीतही पैसे कापतात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. त्याला उपाय ताडपत्रीवर कापूस वाळवणं हाच.

आणि हे मी ऐकीव सांगत नाही. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या चार एकरात आधी डोमकळ्या, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या. मग एक दिवस हिरवं टच्च बोंड हातात घेऊन फोडलं तर आत अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. त्या दिवसांत मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता, 'सगळं छान होत आहे'. रोज म्हणायची. आणि रोज आतून कोणीतरी म्हणायचं, खोटं बोलून राहिली तू. पंधरा दिवसांनी कागद फाडला तेव्हा आधीपेक्षा जास्त खचले होते.

यात माझं एकटीचं वेड नव्हतं, हे पुढं कळलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली याचा अभ्यास छापला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडासा फायदा झाला. ज्यांचं मन आधीच पडलेलं होतं, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच औषध बाधलं. हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. चूक माझी.

पण म्हणून सगळंच चोचले? इथं मी तुमचं ऐकणार नाही. 'मी रोज, सगळ्या बाजूंनी सुधारतो आहे' हे वाक्य जगभर पोचवणारा एमिल कुए (1857–1926) हा फ्रान्समधला औषधविक्या. गिऱ्हाइकाला पुडी देताना औषधाची तारीफही करायचा, आणि पाहायचा की तारीफ केली तर गुण जास्त येतो. पुडी मात्र द्यायचाच. आपण त्याचं वाक्य घेतलं आणि पुडी विसरलो.

पुडी कशी असते ते मी माझ्या सासूकडं पाहिलं. वय सत्तरीच्या पुढं, ओटीत दहा किलो कापूस झाला की कंबर धरते. बांधापर्यंतची पात, म्हणजे वेचायची ओळ, पाहिली की माझा जीव जातो. ती मात्र ओटी आवळते आणि स्वतःशीच पुटपुटते, "मांगची पात निघाली, थे निघाली तं हेबी निघन." बस. तिच्या बोलण्यात समृद्धी नाही, यश नाही. मागं वळून पाहिलं तर पात खरंच निघालेली दिसते, म्हणून मन आडवं येत नाही. आणि पुढचं काम हाताशीच आहे, आभाळात नाही.

तेव्हापासून माझी वाक्यं अशीच बारकी झाली. 'मी हिशोबात पक्की आहे' असं मी म्हणत नाही, कारण नाहीच. 'मागच्या हप्त्यात चार दिवस हिशोब लिहिला, आज चहा ठेवला की लिहीन' एवढं म्हणते. हे 'अमुक झालं की तमुक करीन' जोडून ठेवणं कामाला येतं, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1999 साली मांडलं. सासूला ते नाव सांगितलं तर ती म्हणेल, त्याले वेचाले पाठव.

आता एक टोचणारं बोलते, राग मानू नका. "आपल्याकडच्या माणसाचं काईच होत नसते" हेही वाक्यच आहे ना भाऊ? टपरीवर, एसटीत, सोसायटीच्या रांगेत आपण ते किती वेळा म्हणतो? आरशाचीही गरज पडत नाही. माझी दहा वाक्यं खोटी निघाली, तर हे एक तरी तपासून पाहा की.

तुमच्या वडिलांबद्दल मात्र वाद नाही. दोन महिने माणूस बोलत नाही, तिथं वाक्यं नकोच, माझीही नकोत. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर 14416. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. ते स्वतः बोलणार नसतील तर आधी तुम्ही लावा आणि काय चाललंय ते सांगा. तोवर त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचे डबे घरात असतील तर कुलपात ठेवा. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं घेऊन जा. शरम कसली, पाठ धरली तर नेतोच ना आपण?

तिसरं वाक्य आज रात्री लेखातून काढते. फोन लावला की इथंच खाली दोन ओळी टाका, मी वाट पाहते.