पाणी आलं, पाणी गेलं

छोट्या उपनगराचा परिचय छापायचा झाला की लोकसंख्या येते, शाळा-बागा येतात, अग्निशमन केंद्राचा नंबर येतो. फक्त ज्याच्या मनगटावर सगळ्यांच्या आंघोळी अवलंबून असतात तो पाणी सोडणारा चावीवाला कुठेच नसतो. हा अन्याय मला बघवत नाही.

खांद्यावर टी आकाराची लांब चावी घेऊन तो येतो आणि रस्त्यातलं झाकण उचलतो. चार इंची व्हॉल्व्ह पुरा उघडायला साधारण 14 फेरे लागतात. तो सावकाश फिरवतो म्हणून गॅलरीतून दातओठ खाऊ नयेत. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर धावतं पाणी जागच्या जागी अडतं, त्याचा दणका पाइपला बसतो आणि म्हातारा सांधा निखळतो. मग पाणी घरात येत नाही, रस्त्यावर येतं.

नळाला मात्र आधी येते ती हवा. पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात ती शिरून बसलेली असते. पाणी मागून रेटतं तशी ती फुसफुसत निघते आणि जाता जाता मीटरचा पंखाही फिरवते. पाण्याची वाट बघत नळ उघडा टाकून झोपणारा माणूस म्हणजे हवेचं बिल भरणारा दानशूर. त्यानंतर येतो चहाच्या रंगाचा प्रवाह. दाब उतरला की गळक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं, शिवाय तळाचा गाळ उठतो. पहिली पाच-दहा मिनिटं बादल्या भराव्यात, फरशीला आणि झाडांना. टाकीचा नळ त्यानंतर.

खरं नाटक टाकीत आहे. फ्लोट व्हॉल्व्हचा चेंडू पाण्यावर तरंगत वर चढतो, दांडी उचलतो आणि तोंडाशी रबरी वॉशर दाबून पाणी थांबवतो. एवढीशी यंत्रणा, पण वॉशरखाली वाळूचा एक कण अडकला की टाकी वाहू लागते, आणि वर्षभर ओळख न दाखवणारे शेजारी आपल्याला नावानिशी हाका मारू लागतात. अशा वेळी आधी चेंडू काढून कानाशी हलवावा. आत डुचमळलं तर त्याला भोक पडलंय, तो बुडतोय, बदला. कोरडा असेल तर पिन काढून वॉशर पुसा. झिजला असेल तर बऱ्याचदा उलटा करून चालतो. पाणी फारच वरपर्यंत चढत असेल तर दांडी चेंडूकडे किंचित खाली वाकवावी. किंचित. जोर केला की ती मोडते, आणि त्या दिवशी प्लंबर लग्नाला गेलेला असतो.

चढावरच्या घरांचं दुःख वेगळं. दर 10 मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, दाब खर्ची पडतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पाणी आपणहून चढायला खाली एक किलोहून जास्त दाब हवा, पाइपातलं घर्षण वेगळंच. म्हणून कुणीतरी थेट नळालाच मोटर लावतो. ती शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढते, शिवाय सांध्यातला चिखलही. ते बघून शेजारी त्याहून मोठी मोटर आणतो. या शर्यतीत शेवटच्या घराला फक्त आवाज पोचतो.

तोवर चावीवाला परत आलेला असतो, 14 फेरे उलटे मोजत.