‘सगळं एआयला देऊन टाका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोलीतल्या उद्योजकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘छोट्या उद्योजकांनो, एआय असिस्टंट लावा, दहा मिनिटांत ऑफिस ऑटोमॅटिक!’ खाली सहा मुद्दे: ते फुकट आहे, जेवढी माहिती द्याल तेवढा तो हुशार होतो, म्हणून ड्रॉइंग, रेट, पगारपत्रक सगळं टाका, जगातल्या मोठ्या कंपन्या हेच करतात, त्याची चूक होत नाही, झालीच तर जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची, मेल आणि ड्राइव्ह जोडून द्या, बाकी तो बघून घेतो, आणि ऑफिसातली दोन माणसं कमी करा.

असल्या मेसेजकडे मी एरवी बघत नाही. पण हा माझ्या दादाने वाचला आणि एका रात्रीत यातलं निम्मं करून बसला. दादाचं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आणि 14 माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, मशीनिंग होऊन माल पुण्याच्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला, जातो. त्याचे आणि आणखी सहा शॉपचे टॅलीवरचे हिशेब मी बघते, त्यामुळे हा मेसेज खरा मानून कोण काय करतंय ते मला रोज दिसतंय.

पहिल्यांदा ‘सगळं टाका’ याचंच बोलते, कारण नुकसान तिथे आहे.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात गेले तर दादाने मोबाइल पुढे केला. “बघ, कोटेशन कसलं झ्याक काढून दिलंय.” कोटेशन नीट होतं. मी बोटाने वर सरकवलं तर त्याने चढवलेली पीडीएफ दिसली, पंप हाउसिंगचं ड्रॉइंग. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली जी चौकट असते, पार्ट नंबर, रिव्हिजन, मटेरियल ग्रेड वगैरे, तिच्याच खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: हे ड्रॉइंग आमच्या मालकीचं आहे, लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या कुणालाही देऊ नये. ती ओळ मी त्याला मराठीत वाचून दाखवली. वीस वर्षं तो असली ड्रॉइंग हाताळतोय, ओळ त्याला माहीत होती. तरी म्हणाला, “अगं, मी कुणाला दिलंय कुठं? मोबाइललाच इचारलं की.”

इथेच फसगत आहे. आपण मोबाइलला विचारत नसतो. ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. आपल्या नावाच्या साध्या, फुकटच्या खात्यावर झालेलं बोलणं पुढचं मॉडेल, म्हणजे असिस्टंटची पुढची आवृत्ती, शिकवायला वापरायची मुभा बऱ्याच सेवा स्वतःकडे ठेवतात; ते बंद करायचं बटण सेटिंगमध्ये असतं, पण ते आपण शोधून बंद करावं लागतं. व्यवसायासाठी घेतलेल्या पैशाच्या खात्याच्या अटी सहसा वेगळ्या असतात, तिथे ग्राहकाचा डेटा शिकवणीला वापरत नाही असं लिहून दिलेलं असतं. ती अट वाचायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास त्या मेसेजच्या ‘दहा मिनिटांत’ बसत नाही. आणि अट चांगली असली तरी ड्रॉइंग पार्टीचं आहे, परवानगी पार्टीचीच लागते.

ड्रॉइंगच्या खाली पगारपत्रक होतं. 14 जणांचे आधार नंबर, बँक खाती, आणि शेरा या रकान्यात एकाच्या नावापुढे ‘मुलीच्या ऑपरेशनसाठी उचल’. त्या माणसाने ते दादाला केबिनचं दार लावून सांगितलं होतं. मला सगळ्यात जास्त राग त्या रकान्याचा आला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. माहिती ज्याने घेतली, जबाबदारी त्याची, पुढे काम कुणाकडूनही करून घेतलेलं असो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्यासारख्यांना होईल असं मी म्हणत नाही. पण ‘सगळं टाका’ लिहिणाऱ्याने हा कायदा वाचलेला नाही, एवढं नक्की.

आता ‘मोठ्या कंपन्या हेच करतात’. सॅमसंगने हेच केलं होतं. 2023 च्या मार्चमध्ये त्यांच्या सेमीकंडक्टर विभागाने माणसांना चॅटजीपीटी वापरायची मोकळीक दिली. तीन आठवड्यांच्या आत तीन प्रकार झाले. दोघांनी कंपनीचा गुप्त सॉफ्टवेअर कोड त्यात चिकटवला, एकाला त्यातली चूक शोधायची होती, दुसऱ्याला तो सुधारून हवा होता. तिसऱ्याने मीटिंगचं रेकॉर्डिंग लिहून काढलं आणि इतिवृत्त बनवायला आत टाकलं. तिघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. काम लवकर उरकायचं होतं, दादासारखंच. कंपनीने आधी एका वेळी किती मजकूर टाकायचा यावर मर्यादा घातली आणि मे महिन्यात कंपनीच्या कॉम्प्युटर-फोनवर असली साधनं वापरायलाच बंदी केली. सॅमसंगकडे वकिलांची फौज आहे, सायबर सुरक्षेचा विभाग आहे. तरीही गेलेला कोड परत मागवता आला नाही. आपल्या शॉपमध्ये कॉम्प्युटर एक, जीमेल एक, आणि पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर. दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलालाही तो पाठ आहे. मोठ्यांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा, बंदीपर्यंतचा.

‘चूक झाली तर जबाबदारी कंपनीची’ हे धडधडीत खोटं आहे. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तेव्हा विमान कंपनीचा युक्तिवाद असा होता की चॅटबॉट हा वेगळा आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो उडवून लावला आणि भरपाई विमान कंपनीलाच द्यावी लागली. ते तिकडचं झालं. इकडे दादाच्या असिस्टंटने मशीनिंगच्या जॉबवर्कच्या (पार्टीच्या मालावर केलेल्या कामाच्या) बिलाला 12 टक्के जीएसटी लावून दिला. तो दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झालाय. ते बिल तसंच गेलं असतं तर नोटीस दादाच्या जीएसटी नंबरवर आली असती.

मेल जोडण्याबद्दल थोडक्यात. असिस्टंट आलेला मेल खरा की खोटा हे ओळखेलच असं नाही. ‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा’ असा बनावट मेल आला की तो त्याचा सुंदर गोषवारा काढून देईल. शिवाय मेलमध्ये डोळ्याला न दिसणारा मजकूर लपवून असिस्टंटलाच भलतं काम सांगता येतं, हा धोका सुरक्षेची माणसं या साधनांच्या बाबतीत सगळ्यात वर ठेवतात. खातं बदलल्याचा मेल आला की आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन लावायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर लावायचा नाही.

फुकट काही नाही, त्यावर वेगळं लिहीत नाही. आणि माणसं कमी करा म्हणणाऱ्याला विचारायचंय की तो 12 टक्क्यांचा आकडा पकडणार कोण? तो ऑफिसातल्या मुलीने पकडला. तिला काढायचं का?

एक गोष्ट मान्य करते, मनात नसताना. हे साधन कामाचं आहे. ब्लो होलमुळे (कास्टिंगमधल्या पोकळीमुळे) माल रिजेक्ट झाला की पार्टीच्या क्वालिटीवाल्याला इंग्रजीत उत्तर लिहिताना दादाची अख्खी दुपार जायची. आता मराठीत बोलतो, दहा मिनिटांत मसुदा मिळतो. लटकलेल्या पेमेंटसाठी दादाने पत्र मागितलं तर छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यातली पेमेंटची 45 दिवसांची मर्यादा असिस्टंटने बरोबर घातली होती. मी तपासून बघितली. म्हणून बंद कर असं मी दादाला सांगितलं नाही.

सोमवारी सुट्टी होती, त्या दिवशी मी, दादा आणि वहिनी बसलो. जीमेलचा पासवर्ड बदलला, मोबाइलवर कोड आल्याशिवाय उघडणार नाही असं केलं. ऑफिसच्या नावाने वेगळं, पैशाचं खातं घेतलं, अटी वाचून. पगारपत्रक, आधार आणि ड्रॉइंग एका फोल्डरमध्ये टाकून ते फक्त दादा आणि वहिनींना उघडेल असं ठेवलं, कारण उद्या ड्राइव्ह जोडलाच तर ज्याच्या खात्यातून जोडला त्याला जे उघडतं तेच असिस्टंटला दिसतं. आत काय टाकायचं नाही ते वहिनींनी त्यांच्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरवर चिकटवलं: ड्रॉइंग, रेट, आधार, बँक, पगार, कुणाचं आजारपण. पार्टीचं नाव लिहायचं झालं तर ‘अ पार्टी’. बाहेर जाणारा प्रत्येक आकडा माणसाने बघायचा, आणि बघितल्याची सही करायची. पहिला महिनाभर फक्त पत्रं आणि मेलचे मसुदे, दुसरं काही नाही.

एक काम राहिलं होतं. ते ड्रॉइंग चुकून बाहेर गेलंय हे पार्टीला कळवायचं. दादा म्हणाला, “तू लिही.” मी नाही म्हटलं. त्याने कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या, काय झालं आणि कधी झालं, त्या मी इंग्रजीत केल्या. काल संध्याकाळी मेल गेला. अजून उत्तर आलेलं नाही.