टरफलं कोणी उचलायची?

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..."

मराठी शाळेत शिकून 1 ऑगस्टला हे भाषण ठोकलं नाही असा माणूस विरळाच. आणि त्या भाषणात शेंगांची गोष्ट नाही असं तर होतच नाही. वर्गात टरफलं पडलेली, गुरुजी संतापलेले, कबूल कोणी होईना, मग सरसकट सगळ्यांना शिक्षा, आणि बाळ ताठ उभा: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टाळ्या.

ती गोष्ट खरोखर तशी घडली का, हा भाग सोडा. मला त्यात कायम गुरुजींचं कुतूहल वाटत आलंय. एवढा आरडाओरडा करून त्यांच्या पदरात काय पडलं? ज्यानं खाल्ल्या तो सापडला नाही, ज्यानं खाल्ल्या नाहीत तो दुखावला. आणि टरफलं? ती शेवटी शिपायानंच झाडली असणार.

आमच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी याच गोष्टीचा प्रयोग लागतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून प्रश्न येतो, "कोणी टाकलं रे हे?" आणि खाली क्रिकेट खेळणारी सगळी मुलं एका क्षणात वकील होतात. "मी नाही काकू, मी तर आत्ता आलो." "याच्याकडे हिरवी पुडी होती, ही तर लाल आहे." "काल पण ही इथेच होती!" बराच वेळ पुराव्यांची छाननी चालते, मग गॅलरीचं दार आपटतं, खेळ पुन्हा सुरू होतो आणि वेफर्सची पुडी असते तिथेच असते. माझं मत सरळ आहे: कोणी टाकलं हे विचारणंच बंद करा. आपल्याला गुन्हेगार हवाय की पुडी डब्यात जायला हवी आहे, ते आधी ठरवा.

मी तळमजल्यावर राहते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्यांच्या खेळपट्टीवर उघडते, त्यामुळे मुलांच्या कचऱ्याची मी जवळजवळ तज्ज्ञ झालेली आहे. वेफर्सच्या पुड्या, कांडीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, लॉलीपॉपच्या काड्या, ज्यूसचे चेपलेले खोके. हे सगळं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून येतं. दुकानापासून आमच्या गेटपर्यंत चालत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पाच रुपयांची पुडी बरोबर संपते. म्हणजे मूल गेटच्या आत पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या हातात रिकामी पुडी असते, समोर मित्र हाका मारत असतात आणि त्याची बॅटिंग आलेली असते. सोसायटीचा डबा कुठे? मीटर रूमच्या मागे, कुत्री शिरू नयेत म्हणून दाराला कडी लावलेल्या खोलीत. तिथल्या वासानं मोठी माणसंसुद्धा पिशवी लांबूनच भिरकावतात. अशा वेळी नऊ वर्षांचं पोर काय करेल? हात उघडेल. पुडी पडेल. त्यात उर्मटपणा शोधायला जाल तर सापडेलच, पण तो आपण तिथे ठेवलेला असेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमच्या वेळी नव्हतं हो असं." होतं की! आपण चिंचोके थुंकले, बोरांच्या बिया फेकल्या, उसाची चोयटी रस्त्यावर टाकली, भेळेचा कागदही तिथेच सोडला. कोणी शेजारच्या काकांनी थांबवून डबा दाखवल्याचं मला तरी आठवत नाही. बिया कुजल्या, चोयटी गाईनं खाल्ली, रद्दीचा कागद एका पावसात विरघळला. आपल्या वेळी मुलं जास्त संस्कारी नव्हती, आपला कचरा भला होता एवढंच. हाताची सवय तीच राहिली आणि हातातली वस्तू बदलली. ही चकचकीत पुडी प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली असते. ते थर सहजासहजी सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. पाण्याची बाटली घेतो, पुठ्ठा घेतो, दुधाची पिशवीसुद्धा घेतो, पण ही नको म्हणतो. (दुधाच्या पिशवीवरून आठवलं: पिशवी फोडताना कोपऱ्याचा तो इवलासा तुकडा कात्रीनं पूर्ण कापून सिंकमध्ये सोडणारे आपणच. चीर द्यावी, तुकडा लोंबता ठेवावा. पिशवीबरोबर तोही जातो.)

बरं, मुलांना हे माहीत नसतं म्हणावं, तर तसंही नाही. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. कासवाच्या नाकात अडकलेली स्ट्रॉ त्यांनी शाळेत व्हिडिओवर पाहिलेली असते. 2 ऑक्टोबरला 'स्वच्छ भारत' विषयावर चित्र काढून बक्षीसही मिळवलेलं असतं. आमच्या बी विंगमधल्या एका मुलीनं प्लॅस्टिकबंदीवर प्रकल्प केला, तो थर्माकोलवर चिकटवलेला होता आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. पाहून तिच्या आईला आणि मला दोघींनाही हसू आवरेना. तेव्हा आणखी एक भाषण देऊन काही होणार नाही. भाषणं भरपूर झाली आहेत.

मग काय चालतं? याबाबत एक जुना प्रयोग मला फार पटतो. 1975 साली प्रसिद्ध झालेला, शिकागोच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गांवरचा. एका वर्गाला बरेच दिवस सांगत राहिले की कचरा करू नये, स्वच्छता का महत्त्वाची, वगैरे. दुसऱ्या वर्गाला उपदेश केलाच नाही. तुमचा वर्ग किती नीटनेटका आहे, तुम्ही मुलं कचरा टाकत नाही, एवढंच निरनिराळ्या निमित्तानं त्यांच्या कानावर पडत राहिलं. तिसऱ्या वर्गाला काहीच सांगितलं नाही. नंतर मुलांना कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटल्या आणि किती कागद टोपलीत गेले ते मोजलं. 'तुम्ही नीटनेटके आहात' म्हटलेला वर्ग पुढे गेला, आणि प्रयोग संपल्यावरही ती सवय बऱ्यापैकी टिकली. उपदेशवाल्यांची सुधारणा थोडी होती आणि तीही ओसरली. ज्या मुलाला आपण रोज "घाणेरडी कार्टी" म्हणतो, ते आपल्या शब्दाला जागतं, यात नवल काय?

आता बोलायचं कसं, याबद्दल माझा अनुभव सांगते.

पहिलं म्हणजे वरून ओरडायचं नाही. खाली उतरायचं. गॅलरीतून बोललं की सगळी सोसायटी प्रेक्षक होते, आणि प्रेक्षकांसमोर कुठलंही मूल वाकून पुडी उचलणार नाही. तुम्ही उचलाल का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी चारचौघांत "तुमची गाडी वाकडी लागते" म्हटलं की आपण काय करतो, आठवा.

दुसरं, षटक संपेपर्यंत थांबायचं. हे विनोदानं म्हणत नाहीये. तीन चेंडूंत आठ धावा हव्या असताना पर्यावरणाचा विषय काढणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणं अवघड आहे. मी आधी स्कोअर विचारते. मग त्या मुलाच्या जवळ जाऊन, नेहमीच्या आवाजात, "अरे, तुझी पुडी पडली बघ," म्हणते. पडली. टाकलीस असं म्हणत नाही. दोघांनाही माहीत असतं की ती टाकलेली आहे. पण त्या वाक्यात त्याला बाहेर पडायला एक दार असतं, आणि मुलं ते दार लगेच ओळखतात. "हो काकू," म्हणून उचलतात. तेवढ्यावर मी निघून जाते. उचललीस का, कुठे टाकलीस, पुन्हा टाकू नकोस, असली शेपटं लावत नाही. खाऊ तर मुळीच देत नाही. चांगलं वागल्याबद्दल चॉकलेट दिलं तर त्या चॉकलेटचा कागद कुठे जाणार, हा प्रश्न आहेच.

"घरी हेच शिकवलं का?" हे वाक्य तर बंदच करायला हवं. ते मुलाच्या आईला मारलेलं असतं आणि मुलाला ते बरोबर कळतं. त्यानंतर तो पुड्या मुद्दाम तुमच्या दारात टाकेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या बाजूनं असेन.

आणखी एक, ज्यावर आमच्याकडे कोणी उघड बोलत नाही. मागच्या वस्तीतली चार-पाच मुलं आमच्या पोरांबरोबर खेळायला येतात. पार्किंगमध्ये कचरा दिसला की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. "बाहेरची पोरं येतात ना." मी खिडकीतून जे पाहते त्यावरून सांगते, पुडी टाकण्यात वस्ती आणि थ्री बीएचके असा काही फरक नाही. फरक असलाच तर इतकाच, की आमची मुलं "मावशी झाडतात ना सकाळी" असं निर्धास्तपणे म्हणतात आणि वस्तीतल्या एकाची आई स्वतःच दुसऱ्या सोसायटीत झाडते. वाक्य तेच, आवाज तोच, सगळ्यांसाठी. तुमच्या लाडक्या पोराला "बाळा" आणि त्याला "ए" असेल, तर तुम्ही कचऱ्याबद्दल बोलतच नाही आहात.

"मावशी झाडतात ना" यावर मात्र उत्तर द्यावंसं वाटतं. मी दिलं नाही, आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी दिलं. त्या 'स्वच्छ'च्या. पुण्यातल्या कचरावेचकांची ही स्वतःची सहकारी संस्था, 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे आलेली. शाळेला सुट्टी होती, मुलं भोवती घुटमळत होती, तर ताई सुका कचरा निवडता निवडता एकेक वस्तू दाखवत गेल्या. याचे पैसे येतात, याचे कमी येतात, आणि ही तुमची पुडी, हिला कोणी फुटकी कवडी देत नाही, पण वाकावं तेवढंच लागतं. एका मुलानं विचारलं, "मग तुम्ही का उचलता?" त्या म्हणाल्या, "तू टाकतोस म्हणून." आवाजात राग अजिबात नव्हता. माझ्या सगळ्या सौजन्यापेक्षा ती चार मिनिटं भारी होती.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे माझी मात्रा फारशी चालत नाही, हेही सांगून टाकते. "काकू, पार्किंग तुमचं आहे का?" असं तोंडावर येतं. तिथे वाद घालायचा नाही. एकदा सांगायचं आणि पाठ फिरवायची. तुम्ही बघत उभ्या राहिलात तर उचलणं म्हणजे हार. पाठ फिरली की कधी कधी उचलतात. कधी कधी नाही. नाही तर नाही.

आईवडिलांकडे मी एका पुडीसाठी जात नाही. गेले तर "लहान आहे हो अजून" किंवा पोराच्या पाठीत धपाटा, या दोहोंपैकी एक मिळतं आणि दोन्ही नको असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतला फोटो, मुलाच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढून टाकणं, हे तर मला सरळ असभ्य वाटतं. त्याच ग्रुपवर वाढदिवसाचे फोटोही येतात. टेरेसवर पार्टी पॉपरची चमकी उडताना, सगळे हसताना. ती चमकी गटाराच्या जाळीत जाऊन बसते, तिथे कोणी वर्तुळ काढत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर फटाक्यांच्या कागदांचा जो थर असतो, त्यातल्या एका माळेलाही कोणी "घरी हेच शिकवलं का" विचारत नाही.

डब्याचं सांगायचं राहिलं. मुलं जिथे बसून खातात त्या कठड्यापाशी डबा ठेवा, असं मी सुचवलं तेव्हा कमिटीचं म्हणणं पडलं की डबा दिसला की लोक घरचा कचरा आणून टाकतात. चूक नव्हतं ते. म्हणून पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला पुडी जाईल एवढीच फट पाडून घेतली, कडा ठोकून बोथट करून घेतल्या आणि तारेनं कठड्याला बांधला. घरच्या पिशव्या त्या फटीतून जात नाहीत. मुलांनी त्यावर खडूनं तीन स्टंप काढले, त्यामुळे आता चेंडू लागला की धाडकन आवाज होतो आणि माझी दुपारची झोप जाते. पण पुड्या त्यात जातात. सगळ्या नाही, बऱ्याच.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे लिफ्टपाशी लागलेली नोटीस. कचरा टाकताना दिसलेल्या मुलाच्या पालकांकडून शंभर रुपये दंड, मेंटेनन्सच्या बिलात जोडून. विषय रविवारच्या मीटिंगला आहे. दंडानं शिस्त लागते ही समजूत जुनी आहे. इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांचा 2000 साली छापून आलेला अभ्यास मात्र उलटं सांगतो. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी निदान लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. दंड मागे घेतला तरी उशिरा येणं कमी झालं नाही. आमच्या ए विंगमध्ये शंभर रुपये म्हणजे एका पिझ्झ्याचा तुकडा. तिथली मुलं शंभर रुपयांत पुडी टाकण्याचा हक्क विकत घेतील. आणि वस्तीतल्या मुलांच्या मेंटेनन्सच्या बिलात ते जोडणार कसे? त्यांना गेटबाहेर काढतील, दुसरं काय.

मी विरोधात बोलणार आहे. दंड लावायचाच असेल तर सुरुवात टेरेसच्या पार्ट्यांपासून करा, असाही ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला कोणी मिळतंय का बघते. खाली कमेंटमध्ये आमच्याच सोसायटीतले असाल तर हात वर करा, म्हणजे रविवारी मी एकटी पडणार नाही.