अल्गोरिदमने भौतिकशास्त्र रद्द होत नाही

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की मुंग्या, लांडगे, पक्ष्यांचे थवे यांच्यावर बेतलेले अल्गोरिदम आता मिमो अँटेना (एकाच वेळी अनेक अँटेना वापरून डेटा पाठवणारी रचना) आपोआप डिझाइन करतात. निसर्ग चुकत नाही, म्हणून उत्तर कायम सर्वोत्तम येतं. अँटेना हवी तेवढी लहान करता येते. एकाच्या जागी चार अँटेना बसवल्या की वेग चौपट होतो. नासाने तर माणसाचा हात न लागता बनलेली अँटेना अवकाशात पाठवली. तेव्हा विद्युतचुंबकीय सिद्धांत शिकण्यात वर्षं घालवू नका! इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या माझ्या भाचीने हा संदेश मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, मग हा विषय सोडून देऊ का?" त्या शेवटच्या सल्ल्यासाठी हे लिहितेय. बाकीचं एक वेळ सोडून दिलं असतं.

"निसर्ग चुकत नाही" यावर फार वेळ घालवायची गरज नाही. केनेडी आणि एबरहार्ट या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेली थव्याची पद्धत घ्या. पॅचची (धातूच्या तुकड्याची) लांबी, स्लॉटची (फटीची) रुंदी, फीडची (सिग्नल जोडण्याची) जागा असे आकडे मिळून एक कण, म्हणजे एक संभाव्य डिझाइन होतं. प्रत्येक कण स्वतःच्या आणि थव्याच्या आतापर्यंतच्या चांगल्या जागेकडे सरकतो. हा शोध आहे, सर्वोत्तम उत्तराची हमी त्यात कुठेच नाही. थवा एखाद्या मध्यम दर्जाच्या उत्तराभोवती गोळा होऊन अडकतो, हे ही पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

खरा घातक दावा आकाराचा आहे. अँटेना किती लहान करता येते याची मर्यादा चू या अभियंत्यांनी 1948 मध्येच गणिताने दाखवली. अँटेना ज्या गोलात मावते त्याची त्रिज्या तरंगलांबीच्या मानाने लहान होत गेली, की किमान क्यू (साठलेली ऊर्जा आणि बाहेर पडणारी ऊर्जा यांचं गुणोत्तर) साधारण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि बँडविड्थ, म्हणजे अँटेना चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, तितकीच आकसते. 2.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 12.5 सेंटिमीटर. गोलाची त्रिज्या 1 सेंटिमीटर असेल तर किमान क्यू येतो सुमारे 10, आणि अर्धा सेंटिमीटर केली तर सुमारे 67. म्हणजे आकार निम्मा केला आणि बँडविड्थ जवळजवळ सातव्या हिश्शावर आली. ही मर्यादा कोणत्याही आकृतीला लागू आहे, मग ती माणसाने काढलेली असो की लांडग्यांच्या अल्गोरिदमने. "पण चिप अँटेना काही मिलिमीटरचीच असते ना?" असते. पण तिच्यासोबत बोर्डचं ग्राउंड प्लेनही (बोर्डवरचा तांब्याचा थर) किरणोत्सर्जन करतं, त्यामुळे हिशेबातला गोल त्या बोर्डासकट मोजावा लागतो.

मग लहान आकारात झकास आलेख दाखवणारी डिझाइन्स येतात कुठून? बहुतेकदा फिटनेस फंक्शनमधून, म्हणजे डिझाइनला गुण देणाऱ्या सूत्रातून. अल्गोरिदमला फक्त रिटर्न लॉस (सिग्नल अँटेनातून किती कमी परत फिरतो) आणि दोन अँटेनांमधलं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीत किती कमी शिरतो) सुधारायला सांगितलं, तर तो तेवढंच सुधारतो. 50 ओहमचे दोन डमी लोड (ऊर्जा फक्त शोषून घेणारे रोधक) शेजारी ठेवा: परावर्तन जवळजवळ शून्य, आयसोलेशन उत्तम, आणि एस-पॅरामीटरवरून (परत फिरणाऱ्या आणि दुसरीत शिरणाऱ्या सिग्नलच्या मापांवरून) काढलेला कोरिलेशनचा (दोन अँटेनांच्या सिग्नलमधल्या साम्याचा) आकडाही शून्याला टेकलेला. या कसोटीवर ते आदर्श मिमो अँटेना ठरतात, फक्त सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि बाहेर काहीच पडत नाही! एफआर-4 सारख्या, सिग्नलची ऊर्जा उष्णतेत घालवणाऱ्या बोर्डवर अल्गोरिदम नेमका त्याच दिशेला घसरतो. फिटनेसमध्ये किरणोत्सर्जनाची कार्यक्षमता घालायला हवी, हे कळण्यासाठी तोच सिद्धांत लागतो जो हा संदेश सोडायला सांगतोय.

नासाबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. मार्च 2006 मध्ये गेलेल्या एसटी-5 मोहिमेच्या तीन छोट्या उपग्रहांवर उत्क्रांतीच्या अल्गोरिदमने घडवलेली, वेड्यावाकड्या तारेची अँटेना खरोखर होती, आणि ती कामगिरी मोठीच आहे. पण त्या गटाचा स्वतःचा लेख वाचा. सुरुवातीच्या डिझाइनमध्ये चार भुजांची सममिती माणसांनी लादली होती, अल्गोरिदम एकच भुजा घडवत होता. पुढे कक्षा बदलली, कोणत्या कोनात किती गेन (त्या दिशेला सिग्नलचा जोर) हवा ते बदललं, तेव्हा रचना आणि निकष माणसांनीच नव्याने मांडले. पहिल्या नमुन्याला सुमारे तीन मनुष्य-महिने लागले, नेहमीच्या पद्धतीच्या अँटेनाला पाच. बचत झाली, चांगली झाली. "माणसाचा हात न लागता" हे मात्र साफ खोटं.

राहिला चौपट वेग. त्यासाठी दोन्ही टोकांना चार-चार अँटेना हव्यात, सिग्नल अनेक वाटांनी पोचायला हवा आणि त्याची ताकदही पुरेशी हवी. शिवाय अँटेनांनी एकमेकींचं ऐकता कामा नये. त्यासाठी साधारण अर्ध्या तरंगलांबीचं अंतर ठेवतात. 3.5 गिगाहर्ट्झला ते सुमारे 4.3 सेंटिमीटर आहे, छोट्या बोर्डवर चार अँटेनांमध्ये तेवढं अंतर मिळत नाही. तिथे ग्राउंडमध्ये स्लॉट कापतात किंवा कपलिंग (अँटेनांमधली सिग्नलची गळती) खोडून काढणारी पट्टी जोडतात. तिची लांबी-रुंदी शोधायला थव्याची पद्धत फार उपयोगी आहे, मीही ती वापरायला सांगते. पण पट्टी कुठे जोडायची हे ठरवण्याआधी ग्राउंडवर प्रवाह कुठून वाहतोय ते पाहावं लागतं, आणि ते चित्र वाचायला भाचीचा तोच विषय लागतो.