खुलासा : किम येऑन-कुंग 2021 मध्ये निवृत्त झाली नव्हती

‘टोकियो ऑलिम्पिकनंतर किम येऑन-कुंगनं व्हॉलीबॉल सोडलं’ असा मजकूर या दक्षिण कोरियन व्हॉलीबॉलपटूच्या फोटोसह फिरतोय. तो अर्धवट आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये तिनं सोडला तो दक्षिण कोरियाचा राष्ट्रीय संघ. व्यावसायिक लीगमध्ये ती खेळतच होती. त्याच मोसमात ती चीनमधल्या शांघाय क्लबकडून खेळली, 2022 मध्ये कोरियातल्या आपल्या जुन्या ह्युंगकुक लाइफ संघात परतली आणि एप्रिल 2025 मध्ये 37 व्या वर्षी थांबली. तीही हरून नव्हे. कोरियन लीगची अंतिम मालिका 2-2 अशी बरोबरीत, निर्णायक सामना पाचव्या सेटपर्यंत गेलेला, आणि त्यात तिचे एकटीचे 34 गुण! संघ विजेता, सर्वोत्तम खेळाडू तीच. ही चार वर्षं पुसून टाकणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

त्याच मजकुरात तिला ‘ऑलिम्पिक पदकविजेती’ही म्हटलंय. तेही चूक. लंडन 2012 मध्ये 207 गुण करून ती स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण कोरिया चौथा आला. टोकियोतही चौथाच. तिथे जपानविरुद्ध पाचव्या सेटमध्ये 12-14 असं पिछाडीवर असताना सलग चार गुण घेऊन कोरियानं सामना खेचून आणला होता. मात्र कांस्यपदकाच्या लढतीत सर्बियानं हरवलं.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया ही दुरुस्तीही पाठवा.