घटसर्पाची लस म्हणजे निमोनियाची लस नव्हे

एका लेखात 'घटसर्पाची लस टोचली की जनावराच्या फुफ्फुसाची काळजी मिटली' असं म्हटलंय, ते चूक आहे. गाई-म्हशींच्या घटसर्पाच्या लशीत पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचा बी:२ प्रकार असतो. बाजारातून टेम्पोत कोंबून आणलेल्या वासरांना होणारा निमोनिया पुष्कळदा मॅनहायमिया हिमोलिटिका या वेगळ्याच जिवाणूच्या ए१ प्रकाराचा असतो. त्याचं मुख्य हत्यार ल्युकोटॉक्सिन. हे विष रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी१८ प्रथिनाला चिकटतं, पेशी फुटतात आणि त्यांतून सांडलेल्या द्रव्यांनीच फुफ्फुसाची नासाडी होते. म्हणून नुसते मेलेले जिवाणू टोचून भागत नाही, विष निकामी करणाऱ्या अँटिबॉडीही लागतात. जिवाणू जोमाने वाढत असतानाच हे विष सोडतात. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, जास्त वेळ ठेवलं तर विष टिकत नाही, लस बनवताना खरी मेख इथेच आहे.

तरी घटसर्पाची लस टाळू नका! खानापूर, निपाणीकडे पावसाआधी, मे महिन्यातच टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. तुरटी घालून बनवलेली लस एकदा गोठली की गाळ गुठळ्या होऊन तळाला बसतो, कितीही हलवा, एकजीव होत नाही. अशी बाटली वापरू नका.